प्रोबायोटिक्सच्या संशोधनात आयुष्य घालवण्यासारखं काही आहे का?

चौथी_पेट्री

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं सत्र चालू आहे. प्रकल्पासाठी आंबवलेल्या भाज्यांमधून लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वेगळे करतेय आणि खरं सांगते, त्यात रमलेय. पीएचडी याच विषयात करावी असं मनात आहे. पण गाइड म्हणतात, "तिथे आता विज्ञान कमी आणि जाहिराती जास्त." आणि वाचायला घ्यावं तर आतड्यापासून झोपेपर्यंत सगळ्यावर प्रोबायोटिक्स गुणकारी! या क्षेत्रात बरीच वर्षं काढलेलं कुणी इथे आहे का? रोजचं काम काय असतं, आणि इतकी वर्षं द्यावीत असं त्यात काही सापडतं का?

जुनी_विरजणवाली

बावीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे माझं मत तटस्थ धरू नकोस.

रोजचं काम आधी. पहिली पाच-सहा वर्षं मी मुख्यतः मोजत होते. नमुना दहा-दहा पट पातळ करत जायचं, एमआरएस ॲगरवर (या जिवाणूंना वाढवणाऱ्या पोषक जेलीवर) पसरायचा, प्राणवायू काढून टाकलेल्या बरणीत ३७ अंशांवर ४८ तास ठेवायचा, मग ज्या प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसतील तेवढ्याच मोजायच्या. सोमवारी लावलेल्या प्लेटा बुधवारी मोजायला हव्यात, म्हणून सुट्टी घ्यायची तर इन्क्युबेटरला विचारून. त्यानंतर निवडलेल्या जिवाणूंचे हाल सुरू: पोटासारखं आम्ल, मग पित्त. त्यातून जो तगतो त्याचं भारी कौतुक होतं. फसगत होते ती इथेच. नळीतल्या आम्लात तगणं ही प्रवेशपरीक्षा झाली. माणसाला उपयोग होतो की नाही, याबद्दल ती अवाक्षर सांगत नाही.

माझीच गोष्ट सांगते. आंबवलेल्या कोबीच्या एका नमुन्यातून मला एक स्ट्रेन, म्हणजे एकाच प्रजातीतला वेगळा वाण, मिळाला होता. आम्लात ठणठणीत, पित्तात ठणठणीत, आतड्याच्या पेशींना छान चिकटणारा. दोन वर्षं त्याच्यावर घातली, दोन परिषदांमध्ये त्याची पोस्टर लावली. १६एस या जिवाणू ओळखायच्या जनुकावरून प्रजाती कळली होती, पण ती चाचणी स्ट्रेन सांगत नाही. शेवटी पूर्ण जनुकसंच वाचून घेतला, तर तो आमच्याच प्रयोगशाळेत तुलनेसाठी वापरत असलेल्या विकतच्या स्ट्रेनशी तंतोतंत जुळला. कुठल्या तरी दिवशी, कुठल्या तरी पिपेटमधून तो माझ्या प्लेटवर आला होता. दोन वर्षं मी दुसऱ्याचंच पोर माझं म्हणून मिरवत होते! आठवडाभर कुणाशी बोलले नाही. तेव्हापासून कुणी "नवा स्ट्रेन" म्हणालं की पहिला प्रश्न: जनुकसंच वाचलात का?

आता काही आहे का, त्याबद्दल. एफएओ आणि डब्ल्यूएचओ (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती आणि आरोग्य संघटना) यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिक्सची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या (ज्याला दिले त्याच्या) आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातल्या "जिवंत", "पुरेशा" आणि "लाभ" या एकेका शब्दावर लोकांची अख्खी करिअर उभी आहेत. सगळ्यात अवघड अर्थातच "लाभ". मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी शंभरेक वर्षांपूर्वी सांगितलं की दह्यातल्या जिवाणूंमुळे म्हातारपण लांबणीवर पडतं. (त्यांना १९०८चं नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. आणि ते स्वतः ७१व्या वर्षी गेले.) त्यानंतर आम्ही सगळे तो "लाभ" मोजायचा प्रयत्न करतोय.

कधी तो मिळतो. ओडिशातल्या ४,५५६ नवजात बाळांवरची चाचणी २०१७ मध्ये छापून आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या प्रजातीचा एक स्ट्रेन आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा एवढंच, तेही आठवडाभर. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ वर आला. तो पेपर मी उभ्याउभ्या वाचला होता. आणि पुढच्याच वर्षी, जुलाब झालेल्या मुलांवरची अमेरिकेतली ९७१ जणांची चाचणी छापून आली. या क्षेत्रातला सगळ्यात नावाजलेला स्ट्रेन, एलजीजी, नुसत्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ मात्रेपेक्षा) सरस ठरला नाही. नेदरलँड्समधली २००८ची चाचणी तर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना नळीवाटे प्रोबायोटिक्स दिली. त्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, प्लासिबोच्या गटात ६ टक्के. "निदान अपाय तरी नाही ना" हे वाक्य माझ्या प्रयोगशाळेत चालत नाही.

म्हणून गाइडना सांग: जाहिराती आहेत हे खरं, पण म्हणूनच तर मोजणारी माणसं लागतात.

कॅप्सूलकार

ताईंनी "लाभ" घेतला, मी "जिवंत"वाला. कारखान्यात पावडर टिकवणं हे माझं काम. गोठवून सुकवताना बरेच जिवाणू मरतात, मग पाकिटातली ओल आणि उष्णता उरलेल्यांना संपवत राहते. त्यामुळे लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भरावे लागतात, तरच वापराच्या शेवटच्या तारखेला तेवढे उरतात. लेबलवरचा आकडा भरतानाचा आहे की शेवटच्या तारखेचा, एवढं जरी लोक विचारायला लागले तरी आमच्या धंद्यातली निम्मी घाण निघेल.

एक मात्र ताईंपेक्षा वेगळं सांगतो. विद्यापीठातच राहायचं असा हट्ट नको. ओलाव्यावर काम करून पेपर छापून येत नाही, पण ते काम कुणीतरी केल्याशिवाय रुग्णाच्या चाचणीत मेलेली पावडर जाते.

आणि नावांची तयारी ठेव. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस हा जीनस (प्रजातींचा गट) मोडून त्यातून २३ नवे जीनस काढले. आमची निम्मी कागदपत्रं बदलली. प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम. एका दमात म्हणून दाखव.

चौथी_पेट्री

दोघांचेही आभार. मॅडम, ती कोबीची गोष्ट वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडेही तुलनेचा स्ट्रेन त्याच बाकावर असतो. एक विचारू? तुम्ही इतक्या वेळा तोंडघशी पडूनही टिकलात कशा? आणि मला मुळात गोळ्यांपेक्षा आंबवलेलं अन्नच आवडतं. ते प्रोबायोटिक धरत नाहीत का?

जुनी_विरजणवाली

सरसकट नाही धरत. पाव आंबवलेलाच असतो, पण भट्टीत सगळे मरतात. जिथे जिवंत असतात तिथेही स्ट्रेन कोणता, किती आणि कुणाला लाभ झाला हे दाखवावं लागतं. दह्याच्या दोन जिवाणूंचं लॅक्टोज (दुधातली साखर) पचवायला मदत करण्याचं काम पक्कं आहे; बाकी अन्नांबद्दल इतकं ठाम बोलता येईल अशी उदाहरणं थोडी.

पण टिकले कशी त्याचं उत्तर तुझ्या याच आवडीत आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. एका गटाने दहा आठवडे आंबवलेले पदार्थ जास्त खाल्ले, दुसऱ्याने तंतुमय अन्न. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं उतरली. आता गंमत बघ: नव्याने दिसलेल्या जिवाणूंपैकी फारच थोडे त्या पदार्थांतले होते. मग बाकीचे आले कुठून? आधीच कोपऱ्यात दबून बसले होते आणि कुणीतरी दार उघडलं? की जिवाणूंनी नाही, त्यांनी आंबवताना बनवलेल्या आम्लांनी ते केलं? माणसं ३६च, तेव्हा उड्या मारू नयेत. पण हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, आणि निवृत्तीला माझी फार वर्षं उरलेली नाहीत.

तू आज एवढं कर. तुलनेचा स्ट्रेन त्या बाकावरून उचल, त्याला वेगळा दिवस आणि वेगळी पिपेट दे. तुझ्या प्रत्येक जिवाणूची ग्लिसरॉलमधली कुपी दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेव, उणे ८० अंशांत. आणि कुपीवर साध्या मार्करने लिहू नकोस, अल्कोहोलचा हात लागला की पुसलं जातं.