मालक दुरुस्ती करत नाही, मग तुम्ही काय केलंत? ठाणे-नवी मुंबईच्या भाडेकरूंचे अनुभव

कडी निखळली, नळ ठिबकतो, यासाठी हा धागा नाही. स्लॅबचं प्लास्टर पडणं, भिंतीत करंट उतरणं, संडासाची लाइन फुटणं, जिना हलायला लागणं, म्हणजे जिथे माणूस जायबंदी होऊ शकतो किंवा घरात राहणंच कठीण होतं, अशा दुरुस्त्यांबद्दल लिहा. मालकाने हात वर केल्यावर काय केलंत आणि त्यातलं काय लागू पडलं, एवढंच हवंय. मालक, एजंट, सोसायटी, कुणाचंही नाव टाकू नका. पागडीत (एकरकमी पैसे देऊन पिढ्यान्‌पिढ्या अल्प भाड्यावर राहायची जुनी पद्धत) आहात की अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवानगीचा करार), हे मात्र आधी सांगा. दोन्हींचे नियम निराळे आहेत आणि एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला गोत्यात आणतो.

मालकांनीही लिहा. शिव्या पडणार नाहीत. पडल्याच तर मी उडवीन.

चरई, ठाणे. पागडी.

चाळ आजोबांच्या वेळची. भाडं इतकं कमी की वर्षभराचं एकत्र केलं तरी मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी निघत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठून करू? हे अगदीच खोटं नाही. पण चाळ जितकी खंगेल तितकी ती रिकामी करून घेणं सोपं, हा हिशेबही त्याच्या डोक्यात पक्का आहे.

कायदा आमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. जागा नीट राखणं मालकाचं काम. त्याने टाळलं तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं, मग भाडेकरूंनी स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करायचा. वाचायला झकास. पण एका वर्षात वळती करायची मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आमच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात जिन्याची एक फळीसुद्धा येत नाही.

तरी नोटीस दिलीच. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या, रजिस्टर एडी. मालक गप्प. मग वर्गणी काढून जिना आणि गॅलरीचे कुजलेले वासे बदलले. काम सुरू झाल्याबरोबर मालकाला जाग आली आणि विनापरवानगी बांधकामाची तक्रार गेली. पालिकेचा माणूस आला. त्याच्यापुढे नोटीस, तिची पोच आणि आधीचे फोटो ठेवले. होतं तसंच नवं बसवलंय, इंचभरही वाढवलेलं नाही, हे बघून तो परत गेला. नोटिशीमुळे पैसे सुटले नाहीत, पण काम अडलं नाही.

पुढची खेळी भाडं न स्वीकारण्याची. थकबाकी दाखवायची आणि जागा खाली करायचा दावा लावायचा. आम्ही मनीऑर्डर करत राहिलो आणि परत आलेले कागद फाइलला लावत गेलो. पागडीवाल्यांनी हे नक्की करा.

बी केबिनजवळची कृष्णा निवास ४ ऑगस्ट २०१५ला पडली. १२ माणसं गेली. तेव्हापासून आमच्या चाळीत वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही.

ऐरोली. लीव्ह अँड लायसन्स.

बाथरूमच्या भिंतीला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मालक परदेशी, कारभार त्यांच्या मेहुण्यांकडे. मेहुण्यांचं उत्तर ठरलेलं: "गिझर लावताना चप्पल घाला." (मस्करी नव्हती.)

इलेक्ट्रिशियनने उलगडा केला. वरच्या फ्लॅटचा नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालचा भाग) गळत होता, ते पाणी आमच्या भिंतीतल्या कन्सील्ड वायरिंगच्या पाइपात उतरत होतं आणि अर्थिंग नावालाच होतं. म्हणजे काम दोन घरांचं. वरचे म्हणाले, तुमच्या मालकांना बोलू दे, भाडेकरूशी आम्ही काय बोलणार?

वकील मैत्रिणीने सांगितलं की कलम १४ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सी (म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा) त्यात बसत नाही. आपल्याला ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय तेवढंच. आमच्यात 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी' एवढी एक ओळ, मोठ्या कामाबद्दल चकार शब्द नाही. एजंटचा छापील मसुदा असाच असतो.

उपयोग झाला तो ईमेलचा. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की या बाथरूममध्ये विजेचा धक्का बसून जीव जाऊ शकतो. ते फोटोंसकट थेट परदेशात मालकांना पाठवलं, मेहुण्यांना कॉपी. मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं! मेहुणे दुसऱ्या दिवशी हजर, वरच्यांशीही तेच बोलले. ट्रॅप बदलला, वायर नवी ओढली, करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. फोनवर केलेली तक्रार कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. लेखी चिकटते.

कोपरखैरणे गाव. कागदच नाही.

गावठाणातली खोली, मजल्यावर मजले चढवलेली इमारत. डिपॉझिट हातात दिलं, पावती नाही. मजल्याच्या सामाईक संडासाची लाइन फुटली आणि घाण पाणी पॅसेजमध्ये यायला लागलं. मालकीणबाई म्हणायच्या, "सगळ्यांनी मिळून करा, वापरता तुम्हीच." मुलं आजारी पडली तेव्हा आवाज चढवला, तर म्हणाल्या, पटत नसेल तर खोली सोड.

करार लिहून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, हे मला नंतर एका वस्तीत काम करणाऱ्या ताईंनी सांगितलं. पण तेव्हा घर शोधू की भांडू? शेवटचे महिने भाडं दिलं नाही, डिपॉझिटमध्ये वळतं करून निघाले. लाइन अजून तशीच आहे म्हणतात.

धागाकर्ता

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. ते त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नोंदणी मालकानेच करून द्यायची. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिटमध्ये राहून निघणं हा कागद नसलेल्यांचा शेवटचा मार्ग आहे. पागडीवाल्यांनी मात्र हे वाचून भाडं थांबवू नका, मालक त्याचीच वाट बघत असतो. आणि भांडणात कुणाच्या मालकाने पाणी किंवा वीज तोडली असेल तर कलम २९ बघा. योग्य कारणाशिवाय त्याला तसं करता येत नाही.

नेरूळ. मालक.

तुम्ही ज्यांना शिव्या देता त्या जमातीतला मी. फ्लॅट सर्वात वरच्या मजल्यावर, गच्चीतून पाणी, हॉलच्या छताला बुरशी. भाडेकरू मुलगा दर आठवड्याला फोटो पाठवायचा आणि त्याचं बरोबरच होतं. पण गच्ची माझी नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी गळती आणि त्याने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, हा खर्च सोसायटीचा. सोसायटी म्हणते फंड नाही. मी घराच्या आतून केमिकल मारून घेतलं, पुढच्या पावसात पैसे आणि रंग दोन्ही वाहून गेले. आतून केलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही, हे कळायला तेवढा खर्च झाला.

शेवटी वार्षिक सभेला स्वतः गेलो आणि भाडेकरूला सोबत नेलं. सदस्य नसल्याने त्याला बोलू देईनात, तर त्याचे फोटो मी सेक्रेटरीसमोर टेबलावर मांडले. कोबा उखडून नवा झाला तो पुढच्या उन्हाळ्यात. तोवर भाडं कमी घेतलं. भाडेकरूंना एक सांगणं: मालकाला भांडायला कागद पुरवा. बरेचदा तो सोसायटीपुढे तुमच्याइतकाच हतबल असतो.

ऐरोली

बरेचदा नाही, कधी कधी. :) पण भाडं कमी घेतलंत, मान गये.

कळवा. दुरुस्तीचं काम करतो.

मालक लोक बोलावतात तेव्हा पहिलं वाक्य असतं, "वरवर प्लास्टर मारून दे." तेच धोक्याचं. स्लॅबमधली सळई गंजली की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, ती काँक्रीटला फोडून बाहेर ढकलते. म्हणजे पोपडा पडला त्याच्या आधीच आत सळई खाल्ली गेलेली असते. वरून माल चोपडला की वजन वाढतं, तो माल एकदम खाली येतो. सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरायची असते. फारच खाल्ली असेल तर नवी जोडायची. आधी गळती बंद, मग हे. क्रम उलटा केला तर पैसे पाण्यात.

भाडेकरूने स्वतः एवढं करावं: लाटणं किंवा छोटी हातोडी घेऊन छताला हळू ठोकावं. बद्द, पोकळ आवाज येतो तिथे पलंग किंवा पाळणा ठेवू नका. सळ्या उघड्या दिसतात किंवा बीमला लांब चीर आहे, तर मालकाची वाट बघू नका, पालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे. त्यात इमारत सी-१ या वर्गात निघाली तर ताबडतोब रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ किरकोळ.

चरई

मिस्त्रीदादांचं खरं, पण पागडीत त्या अर्जाला लोक घाबरतात. सी-१ लागलं की घर गेलं, अशी भीती. आणि काही मालक स्वतःच तसा अहवाल आणतात. आम्ही सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून आमचा वेगळा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, तेव्हा कुठे दुसरं मत फाइलला लागलं. वेळ आलीच तर खोलीचं मोजमाप आणि ताब्याचा कागद हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. लाइट बिलं, भाडेपावत्या, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी दुसऱ्याच्या घरी ठेवा.

ऐरोली

आमचं ॲग्रीमेंट नुकतंच रिन्यू झालं. या वेळी एजंटच्या मसुद्यात हे घालायला लावलं, हवं तर उतरवून घ्या (लायसन्सर म्हणजे मालक, लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट):

"इमारतीचा सांगाडा, छत, गळती, भिंतीतील वायरिंग, पाण्याची व ड्रेनेजची लाइन यांची दुरुस्ती लायसन्सरने स्वखर्चाने करावी. लेखी अथवा ईमेलने कळवल्यापासून सात दिवसांत काम सुरू न केल्यास लायसन्सीने ते करून घ्यावे व बिलाची रक्कम पुढील भाड्यातून वळती करावी. घर राहण्यायोग्य नसेल तितक्या दिवसांचे भाडे आकारू नये व लायसन्सीस लॉक-इनची अट लागू राहणार नाही."

मेहुण्यांनी सातचे दहा दिवस केले आणि बिलाला वरची मर्यादा घातली. बाकी सगळं तसंच राहिलं, नोंदणीसुद्धा झाली.