अव्हेंजर २२० क्रूझ की मिटिऑर ३५०? चालवायला कशी वाटते तेवढंच सांगा

वाईचा_फिरस्ता
मंडळी, क्रूझर (पाय पुढे टाकून आरामात बसायची लांब, बुटकी बाईक) घ्यायचीय आणि गाडी दोन नावांवर येऊन अडकलीय, बजाजची अव्हेंजर २२० क्रूझ नाहीतर रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५०. किंमत, ॲव्हरेज, सर्व्हिस हे सगळं यूट्यूबवर बघून डोकं पिकलंय, ते नको. फक्त चालवताना कशी वाटते ते सांगा. नोकरी पुण्यात, गाव वाईजवळ, म्हणजे खंबाटकी घाट ठरलेलाच, सुट्टीला पसरणी घाट चढून पाचगणी नाहीतर महाबळेश्वर, आणि बरेचदा बायको मागे. उंची ५ फूट ४ इंच, आत्ता १५० ची साधी गाडी आहे. टेस्ट राईड म्हणजे चौकापर्यंत जाऊन परत, त्यात काय कळणार कप्पाळ. अव्हेंजरवर पाय पुढे टाकून बसलो तर उठावंसं वाटेना, पण वळवताना जरा हट्ट करतेय असं वाटलं. ते सवयीनं जातं की गाडीच तशी?

घाटवेडा
आमच्या घरात दोन्ही आहेत, अव्हेंजर भावाची, मिटिऑर माझी, अदलाबदल चालूच असते. हट्ट म्हणालास ते बरोबर, सवयीनं कमी जाणवतो पण जात नाही. अव्हेंजरचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४९० मिमी, मिटिऑरचा १४००, त्यात अव्हेंजरचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) चांगलाच तिरका पुढं गेलेला, त्यामुळं तिला मुळात सरळच जायचं असतं. सातारा रोडला ८०-८५ वर लावून दिली की हेच सुख, हँडलला नुसता हात ठेवायचा. पण पसरणीत तीच खोड आडवी येते, वळणात घातली की तिथं दाबून धरावी लागते, आणि मधेच खडी दिसली नि लाईन बदलायची म्हटलं की ती लगेच ऐकत नाही. मिटिऑर १९१ किलो, अव्हेंजर १६३, कागदावर वाटेल की जड गाडी घाटात जड जाणार, पण उलटं आहे, चाकं फिरायला लागली की मिटिऑरच हलकी वाटते. पार्किंगमधून मागं ओढताना मात्र ते वरचे २८ किलो कळतात.

इंजिनाचं म्हणशील तर मिटिऑरला २७ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर), तो पण ४००० आरपीएमला, अव्हेंजरला साडेसतरा आणि तो ७००० ला. म्हणजे डबल सीट घाट चढताना पुढं एसटी आली तर मिटिऑर तिसऱ्यात गुरगुरत निघते, अव्हेंजरला गिअर खाली टाकून रेस करावी लागते. म्हणून अव्हेंजर स्लो आहे असं समजू नको हां, पॉवर दोघींची १९-२० च्याच आसपास आणि ही वजनाला कमी, मोकळ्या रस्त्यावर मागं राहत नाही.

उतरताना बघ, मिटिऑरला दोन्हीकडं डिस्क, पुढं ३०० मागं २७०, ड्युअल चॅनल एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक होत नाहीत. अव्हेंजरला मागं ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. बायकोला मागं बसवून पसरणी उतरायची तर माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात वर.

मधली_लेन
वरचं सगळं मान्य दादा, पण तुम्ही लोक घाटाच्या पुढे जातच नाही. आठवड्याचे पाच दिवस माणूस ट्रॅफिकमधे असतो! मी ५ फूट १ आणि रोज अव्हेंजर चालवते. सीट ७३७ मिमी, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात, सिग्नलला उतारावर गाडी कलली तरी पायावर धरता येते. मिटिऑर ७६५ आहे, फार नाही, पण सीट मांडीपाशी रुंद आहे ना, त्यामुळं मला चवड्यांवर उभं राहावं लागतं. तुम्हाला ५-४ ला तेवढा प्रॉब्लेम येणार नाही, तरी बायको मागे बसलेली असताना उभं राहून बघा, एकट्यानं बसून बघण्यात अर्थ नाही.

आणि वळण्याबद्दल, लोक अव्हेंजर अंग कलवून वळवायला जातात आणि मग म्हणतात वळत नाही. डावीकडं जायचं तर डावं हँडल हळूच पुढं ढकला, गाडी आपोआप डावीकडं कलते. लांबलचक गाडीला हे जास्तच लागतं. यू टर्न मात्र मोठाच घ्यावा लागतो, बारक्या गल्लीत एकदा पुढंमागं होतंच.

सातारी_पाना
गॅरेजात दोन्ही येत्यात म्हणून लिहितो. अव्हेंजरची बसायची पद्धत आजची न्हाई, २००१ ची एलिमिनेटर आठवत्या का, १७५ सीसी, बजाज-कावासाकी? तीच बैठक. पुढं २००५ ला पल्सरचं इंजिन घालून अव्हेंजर आली, मग २००, मग २२०. हायवेला बसायला तोड न्हाई, पण एक गोष्ट कुणी सांगत न्हाई. पाय पुढं असले की खड्डा आला तर ढुंगण उचलता येत न्हाई, सगळा दणका थेट माकडहाडावर. त्यात मागचं चाक १५ इंची, खड्ड्यात उतरतंयच. मिटिऑरचे पाय पण पुढंच हायत पर इतके न्हाईत, मांडीवर जोर देऊन जरा हलकं होता येतं, आणि पुढं १९ चं चाक, ते खड्ड्यावरनं निघून जातं. पाठीचं दुखणं असंल तर हेच बघ, बाकी सगळं नंतर.

मिटिऑरला बॅलन्सर शाफ्ट दिलाय, इंजिनाची थरथर मारणारा, म्हणून ९० ला पण आरसा स्वच्छ दिसतो. एनफिल्डच्याच जुन्या थंडरबर्डवाल्यांना इचार ह्याची किंमत. ११० च्या पुढं मात्र तिला छळू नको, ती त्यासाठी न्हाई.

वाईचा_फिरस्ता
सगळ्यांना धन्यवाद, माकडहाडाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. मागच्या सीटचं काय पण? बायको म्हणते पाठीला टेकायला पाहिजे, आणि अव्हेंजर क्रूझला ते कंपनीचंच आहे.

घाटवेडा
टेकायला अव्हेंजर भारी, वहिनी खूश होतील. मिटिऑरचं सुपरनोव्हा मॉडेल घेतलंस तर तिलाही पाठ आणि वारा अडवायची काच दोन्ही मिळतं. फक्त काचेची उंची बघ, तुझ्या उंचीला वारा बरोबर हेल्मेटवर येऊन आदळत नाही ना, ते ७० च्या वर गेल्याशिवाय कळायचं नाही. शोरूमवाला लांब देत नसेल तर एखाद्या दिवसाला भाड्यानं घे, पुण्यात क्रूझर भाड्यानं मिळतात, आणि दोघांनी खंबाटकी करून या. मिटिऑर घेतलीस तर मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या (स्प्रिंग किती घट्ट ठेवायची त्याच्या) ६ पायऱ्या आहेत, डबल सीटला दोन वाढवून घे, नाहीतर वळणात मागून बसल्यासारखी होते आणि मग तू इथं येऊन लिहिणार की हिचीपण हँडलिंग बेकार.

मधली_लेन
आणि टायरची हवा. डबल सीटला मागची वेगळी असते, चेनकव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकर असतो, कुणी वाचत नाही 😄