विद्यार्थ्याच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर लिनक्स असावे का?

ओटीवरचा मास्तर (आंतरजालावरील चर्चेच्या धाग्याचा प्रस्ताव)

आठचे फॅक्टोरियल ४०३२० येते हे बारावी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही आमच्या बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाच्या प्रयोगवह्यांत दरवर्षी पाच-सहा जण त्याचे उत्तर उणे २५२१६ असे लिहून आणतात आणि निःशंकपणे खाली सही मागतात. मुलांना मी फारसा दोष देत नाही. टर्बो सी++ या प्रोग्राम लिहिण्याच्या जुन्या साधनाच्या त्या निळ्या पडद्यात पूर्णांकाला १६ बिटांचीच जागा मिळते, ३२७६७ च्या पलीकडे गेलेली संख्या उलटून ऋण होते, आणि डॉसच्या (विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या) काळातले हे साधन आजही घरोघरी डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) गुंडाळून चालवले जात असल्यामुळे मुले यंत्राने दिलेले उत्तर प्रमाण मानतात. तिसऱ्या सत्रात हीच मुले लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत संगणक प्रणालीच्या) प्रात्यक्षिकाला येतात, सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा तिथला जीसीसी त्यांना ‘कॉनिओ’ नावाची, डॉसच्या जगातलीच हेडर फाइल सापडत नसल्याचे सांगतो, आणि मग “सर, माझा प्रोग्राम घरी चालतो, इथेच चालत नाही” हे पालुपद सुरू होते.

माझे म्हणणे असे की, आठवड्यातून दोन तासांच्या प्रात्यक्षिकात लिनक्स अंगवळणी पडत नाही. ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असायला हवे, आणि एकटेच असायला हवे. विंडोज शेजारी ठेवले की पहिली अडचण येताच मूल तिकडे पळते. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. आमच्याकडची बहुतेक मुले इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची वापरलेली यंत्रे घेतात, आणि ती जवळजवळ सगळी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणजे एक तर नेहमीचा आधार संपलेली प्रणाली वापरायची, नाहीतर दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ चोरीची. अशा ४ जीबी मेमरीच्या यंत्रात एक एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली, तर ते आणखी चार वर्षे सहज काम देते.

आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

तृतीय वर्ष

सर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसरे वर्ष मी संपूर्ण लिनक्सवर काढले आणि नंतर विंडोजवर परत आले, त्यामुळे हे मत न वापरता केलेल्या तक्रारीचे नाही.

पहिल्या रात्री वसतिगृहात माझे वाय-फाय चालेना. ड्रायव्हर आंतरजालावरून उतरवायचा आणि आंतरजाल ड्रायव्हरशिवाय मिळत नाही, असा तो पेच होता. शेवटी मोबाइल केबलने जोडून, त्याचा डेटा वापरून काम भागवले. खरे सांगायचे तर त्या रात्री मजाच आली. मजा संपली ती पुढच्या सत्रात. एका कंपनीच्या निवड चाचणीला सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षा चालू असताना यंत्रावर दुसरे काही उघडू न देणारा प्रोग्राम) लागणार असल्याचा निरोप चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आला. तो विंडोज आणि मॅकसाठी मिळतो, लिनक्ससाठी नाही. खोलीतल्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा, तर तिचीही चाचणी त्याच वेळी होती. शेवटी मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीच्या, मराठी कीबोर्डचे स्टिकर चिकटवलेल्या लॅपटॉपवर चाचणी दिली आणि निम्मा वेळ कंसाचे बटण शोधण्यात घालवला.

त्यानंतर प्रकल्प अहवाल आला. मार्गदर्शकांनी वर्डचा साचा दिला होता. लिब्रेऑफिसमध्ये भरलेला तोच साचा त्यांच्या संगणकावर उघडला तेव्हा अनुक्रमणिकेतले पृष्ठांक सरकले होते आणि एक आकृती मथळ्यावर जाऊन बसली होती. “तुला साधे टाइपही करता येत नाही का?” असे त्यांनी विचारले, त्यावर लिनक्सची बाजू मी काय मांडणार होते?

आपण लिनक्स प्रयोगशाळेत वापरता. आम्हाला ते परीक्षा, अर्ज, शिष्यवृत्ती आणि छपाई या सगळ्यांसकट वापरावे लागते.

सर्व्हरवाला

आपण दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात, असे लिहिण्याचा मोह टाळतो, कारण मला दोघांचेही पूर्णपणे पटलेले नाही.

आमच्याकडे दरवर्षी नवे पदवीधर रुजू होतात आणि पहिल्या महिन्यात दोन चुका न चुकता करतात. पहिली चूक अशी की, फाइलचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते आणि प्रोग्राममध्ये तेच नाव लहान अक्षराने लिहिलेले असते. विंडोजला त्या दोन्हींत फरक वाटत नाही, लिनक्सला वाटतो. त्यामुळे घरी नीट दिसणारे चित्र सर्व्हरवर चढवताच गायब होते आणि मुलगा तासभर सर्व्हरच्या नावाने बोटे मोडतो. दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह बसते, लिनक्स पहिल्या ओळीतले ते चिन्ह इंटरप्रीटरच्या नावाचाच भाग समजतो, आणि समोर धडधडीत असलेली फाइल ‘सापडत नाही’ म्हणून अडून बसतो. लिनक्सवर वर्षभर राहिलेल्या मुलाला या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत.

मात्र त्यासाठी विंडोज पुसून टाकण्याची गरज मला दिसत नाही. विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय २०१६ पासून उपलब्ध आहे. जीसीसी, गिट, पायथन, शेल हे प्रोग्रामरला लागणारे सगळे तिथे मिळते आणि वर्ड व परीक्षेचा ब्राउझरही शाबूत राहतो. आमच्या कार्यालयात निम्मे लोक असेच काम करतात.

ओटीवरचा मास्तर

आपल्या कार्यालयातल्या यंत्रांना १६ जीबी मेमरी असणार. माझ्या वर्गात ४ जीबीवर विंडोज, त्यावर क्रोम, त्याखाली डब्ल्यूएसएल असा मनोरा रचला की पंखा टिटवीसारखा ओरडू लागतो.

दुसरे असे की, डब्ल्यूएसएलमध्ये हत्यारे मिळतात, पण घर मिळत नाही. डिस्कचे विभाग कसे पडतात, यंत्र सुरू होताना कोणती सेवा कोणामागून उठते, एखादी फाइल कोणाला वाचता येते आणि कोणाला बदलता येते, हे प्रश्न तिथे विद्यार्थ्यासमोर जवळजवळ येतच नाहीत. लिनक्स १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या घरच्या यंत्रावर खटपट करताना सुरू केले, आणि त्याच्या मागे परवानगी देणारा कोणी प्रयोगशाळा सहायक उभा नव्हता, एवढे जाता जाता नोंदवतो.

तृतीय वर्ष

सर, टॉरवाल्ड्सला दुसऱ्या दिवशी सबमिशन नव्हते.

खटपटीचा परिणाम काय होतो तेही लिहिते. आमच्या वर्गातल्या एकाने पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) पॅकेज बसवायला घेतले, तेव्हा हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते आणि यात ढवळाढवळ करू नये, अशा अर्थाची सूचना आली. त्याने पुढचे न वाचता एका चित्रफितीतला उपाय केला, म्हणजे जुना पायथनच काढून टाकला. उबुंटूचा (लिनक्सच्या त्याच्याकडच्या प्रकाराचा) अर्धा डोलारा त्याच पायथनवर उभा असतो. त्याने ‘होय’ म्हटले, पडद्यावरून पॅकेजांची नावे सरसर खाली गेली, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त लॉगिनची ओळ उरली. खरे तर त्याची एकही फाइल गेली नव्हती. आज मला ते ठाऊक आहे. त्या रात्री आमच्या मजल्यावर ते सांगणारे कोणी नव्हते, म्हणून सकाळी त्याने दुकानात जाऊन सगळी डिस्क पुसून विंडोज बसवून घेतले, आणि फाइली गेल्या त्या तेव्हा. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे एका प्रकल्पापुरते पायथनचे वेगळे दालन, कसे करायचे हे कोणी दहा मिनिटांत दाखवले असते तर हे टळले असते.

टंकलेखिका

प्रोग्रामिंगमधले मला कळत नाही. मी मराठी टंकलेखन शिकवते आणि घरी गेली सहा वर्षे उबुंटू वापरते, म्हणून दैनंदिन वापरापुरते लिहिते.

लिनक्सवर मराठी येत नाही, हा समज निराधार आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाची मांडणी तीच असते. ‘वाऱ्यावर’ मधला आडवा र काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग य, ही तीन बटणे विंडोजवर दाबा की लिनक्सवर, बोटांना फरक कळत नाही. अडचण दुसरीकडे आहे. आमच्याकडची छापखान्याची कामे अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या टंकांत बांधलेली असतात, आणि युनिकोडमध्ये नसलेला तो मजकूर त्या टंकाशिवाय निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही, पण कामाला येणाऱ्या मुलीला मी ते सांगून तिचे काम होत नाही. त्यामुळे माझ्या वर्गात मी विंडोजच ठेवले आहे.

प्रयोगशाळा सहायक

केरळचे उदाहरण कोणी दिले नाही याचे आश्चर्य वाटते. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत उबुंटूवर आधारलेली, राज्याने स्वतः जुळवलेली प्रणाली चालते आणि शाळकरी मुले संगणकाचे प्रात्यक्षिक त्यावरच देतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, सी, पायथन आणि लिब्रेऑफिसचे पाठ मराठीतूनही आहेत. शेजारी खिडकी उघडी ठेवून, पाठ थांबवत थांबवत, तेच आपल्या यंत्रावर करत जायचे अशी त्यांची पद्धत आहे. मी ते आमच्या २० जुन्या यंत्रांवर वापरतो. महिन्याभरात मुले मला कमी आणि टर्मिनलला जास्त विचारू लागतात.

तृतीय वर्ष

केरळचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे सरकारने आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीला धरून लिहिली आणि परीक्षाही तिच्यावरच घेतली. इथे मात्र परीक्षा विंडोजवर, मार्गदर्शक विंडोजवर, छपाईचे दुकान विंडोजवर, आणि लिनक्स तेवढे एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात, अशी मागणी होते आहे. सर, एक प्रश्न थेट विचारते, राग मानू नये: आपल्या विभागातले किती शिक्षक स्वतःच्या लॅपटॉपवर फक्त लिनक्स वापरतात?

ओटीवरचा मास्तर

राग कसला. सहापैकी एक, आणि त्या एकाच्याही घरी आयकराच्या कामासाठी सौभाग्यवतींचा विंडोजचा लॅपटॉप आहे.

‘एकटेच असावे’ हा माझा आग्रह मी मागे घेतो. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स असावे, हा मात्र नाही. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या तर त्यातले दोन खड्डे मी जवळून पाहिलेले आहेत. पहिला किरकोळ आहे: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो, त्यामुळे परतल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते. एका आज्ञेत ते सुधारते. दुसरा खड्डा खोल आहे. नव्या यंत्रांत विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, आणि सिक्युअर बूटला (यंत्र सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीला) हात लावला की ती ४८ अंकी किल्ली मागते. गेल्या वर्षी एका मुलाची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यात होती, ते खाते दुकानदाराने लॅपटॉप विकताना स्वतःच काढून दिले होते आणि त्याचा परवलीचा शब्द दुकानदारालाही आठवत नव्हता.

तृतीय वर्ष

दुहेरी व्यवस्थेला माझी हरकत नाही. पण रात्री अकरा वाजता काही अडले तर कोणाला विचारायचे, या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

प्रयोगशाळा सहायक

अकराचे मी सांगू शकत नाही, आमच्याकडे नऊला वीज बंद करून कुलूप लागते. शनिवारी दुपारी दोन ते सहा मात्र प्रयोगशाळा उघडी ठेवतो आणि बाहेरच्या महाविद्यालयांतली मुलेही येतात. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

ओटीवरचा मास्तर

या शनिवारी मीही येतो. येणाऱ्यांनी आपल्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन यावे आणि बिटलॉकरची किल्ली आधी कागदावर उतरवून आणावी, मोबाइलमध्ये फोटो काढून नव्हे. गेल्या वेळी एकाचा मोबाइल ऐन वेळी त्याच लॅपटॉपला चार्जिंगला लावलेला होता आणि दोन्ही एकदमच बंद पडले.