‘गूसबेरी’ला आवळा म्हणावे का?

प्रश्न : परसबागेवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘गूसबेरी बुश’साठी मी ‘आवळ्याचे झुडूप’ असे लिहिले, परंतु धुळ्यातील आमच्या परसातली आवळी छपराच्याही वर गेली आहे. तिला झुडूप म्हणणे पटत नाही. योग्य शब्द कोणता?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इंग्रजांनी आपल्या आवळ्याला ‘इंडियन गूसबेरी’ म्हटले, म्हणून नुसत्या ‘गूसबेरी’लाही मराठीत ‘आवळा’ म्हणण्याची सवय लागली. वस्तुतः युरोपातील गूसबेरी हे छातीएवढ्या उंचीचे काटेरी झुडूप असून, त्याच्या फळाची साल इतकी पातळ असते की उजेडात धरल्यास उभ्या शिरा आणि आतल्या बियादेखील दिसतात. त्याला दीर्घ, कडक हिवाळा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या जळगाव-धुळ्याकडे ते तग धरणार नाही.

हा केवळ शब्दाचा काटेकोरपणा नव्हे. गूसबेरीची दोन झुडपे सव्वा ते दीड मीटरवर लावतात, हिवाळ्यात मधल्या फांद्या काढून झुडूप पेल्यासारखे मोकळे ठेवतात आणि नवी लागवड फाटे कलमाने, म्हणजे पक्व फांदीचा तुकडा मातीत रोवून करतात. आवळ्याची कलमे मात्र डोळा भरून, म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून करतात, दोन झाडांत सहा ते आठ मीटर अंतर ठेवतात आणि फळधारणा चांगली व्हावी म्हणून दोन वेगळ्या जाती जवळपास लावतात. आमच्या शेजाऱ्यांनी अशाच एका अनुवादित पत्रकावरून चार फुटांवर आवळ्याची चार कलमे लावली. फांद्या एकमेकींत घुसल्यावर त्यांतली दोन मुळासकट काढावी लागली. ‘आवळा’ या एका शब्दाने त्यांची काही वर्षे फुकट गेली, याचे मला फार वाईट वाटते.

‘केप गूसबेरी’ हे आणखी तिसरेच. ती रसभरी, टोमॅटोच्या कुळातली, मूळची दक्षिण अमेरिकेची. पावसाळ्यात आपल्या बांधांवर कागदी वेष्टनात फळ धरणारी चिरबोटी तिची बहीण शोभते. ‘स्टार गूसबेरी’ म्हणजे रायआवळा.

‘आवळा’ हा संस्कृत ‘आमलक’पासून आला, ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव झाले, तसाच येथे ‘म’चा ‘व’ झाला. अहिराणीत पुढे ‘ळ’चाही ‘य’ होतो, म्हणून माझी आजी ‘आवया’ म्हणत असे. आपण झाडाला ‘आवळी’ म्हणालात, हे मला विशेष आवडले. आवळी हे झाड आणि आवळा हे फळ, हा भेद कार्तिकातील आवळीभोजनाने जपला असला, तरी लेखनातून तो नाहीसा होत चालला आहे. अशा मुरलेल्या शब्दावर परक्या झुडपाचा अर्थ लादू नये. आपण स्ट्रॉबेरीला स्ट्रॉबेरीच म्हणतो, तसे ‘गूसबेरीचे झुडूप’ असे लिहावे. ‘गूसबेरीचे रोप’ मात्र फक्त लागवडीच्या वेळेपुरते योग्य, कारण रोप हे वयाचे नाव आहे आणि झुडूप हे बांध्याचे.

प्रश्न : आभारी आहे. मग लिंग व अनेकवचन?

उत्तर : स्ट्रॉबेरीप्रमाणेच स्त्रीलिंगी. एक गूसबेरी, अनेक गूसबेऱ्या.