कोरफडीच्या क्रीमला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच का?

खानापूरहून: आमच्या बचत गटाला कोरफडीची क्रीम बेळगावात विकायची आहे. गिऱ्हाईक ‘पॅराबेन नको’ म्हणतात (ते एक प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू-बुरशी रोखणारा पदार्थ). नुसतं व्हिटॅमिन ई घालून भागेल का? पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी धरते, म्हणून विचारते.

निपाणीहून: ताई, नाही भागणार. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतू मारत नाही. कोरफडीत पाणीच पाणी, त्यात जंतू वाढतात. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह बघा, युरोपात १ टक्क्यापर्यंत चालतं. सोडियम बेंझोएट हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घ्याल तर क्रीमचा पीएच (आंबटपणाचं माप) ५ च्या खाली ठेवा, नाहीतर ते कामच करत नाही.

शहापूरहून: पॅराबेनला इतकं भिऊ नका. मिथाइलपॅराबेनला युरोपात आजही ०.४ टक्क्यापर्यंत परवानगी आहे. दूषित क्रीम डोळ्यात गेली तर जंतुसंसर्ग होतो, त्याचं भय जास्त धरा. आणि विकायची म्हणजे लायसन हवंच.

खानापूरहून: मग खोबरेल-मेणाचं मलम?

निपाणीहून: त्यात पाणी नाही, चालेल. फक्त ओली बोटं डबीत घालू नका, असं लेबलवर लिहा.