शाळेत जंताची गोळी घेऊनही दोन महिन्यांत पुन्हा जंत कसे?

प्रश्न (सातारकर आई):
माझा मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत शिकतो. फेब्रुवारीत जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळेत त्याला गोळी दिली होती आणि ती त्याने बाईंसमोर चावून खाल्ली होती. तरीही गेल्या पंधरवड्यापासून तो रात्री झोपेत शौचाची जागा सारखी खाजवतो, किरकिरतो आणि उठून बसतो. परवा रात्री बॅटरी लावून पाहिले, तेव्हा सुतासारखे बारीक, पांढरे, वळवळणारे जंत स्पष्ट दिसले. सासूबाईंच्या मते गूळ आणि चिक्की खाल्ल्यामुळे हे झाले, म्हणून त्यांनी त्याचे सगळे गोड बंद केले आहे. आम्ही पाणी उकळून पितो, भाज्या धुऊन घेतो. मग हे जंत आले कुठून? आणि शेजारच्या वहिनी सांगतात त्याप्रमाणे दर महिन्याला गोळी देणे योग्य आहे का?

उत्तर १ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
ताई, तुमच्या वर्णनावरून हे सूतकृमी असावेत असे वाटते. त्यांचा मार्ग इतर जंतांपेक्षा निराळा असतो आणि उकळलेल्या पाण्याने तो अडत नाही. या जंताची मादी रात्री आतड्यातून बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते. त्यामुळे खाज सुटते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तीच बोटे तोंडात जातात. ही अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि चादरी, चड्ड्या, खेळणी यांवर दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. म्हणजे मूल स्वतःच स्वतःला पुन्हा संसर्ग करून घेते, आणि त्याच अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांना आणि मोठ्यांनाही तो देते.

शाळेतली गोळी वाया गेली असे मात्र समजू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशभर राबवल्या गेलेल्या या मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते, आणि तिचा मुख्य रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर असतो. सूतकृमीही त्या गोळीने मरतात, पण अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून डॉक्टर साधारणपणे दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध घ्यायला सांगतात. गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालील बाळे यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. दर महिन्याला मनाने गोळी देणे मात्र बरोबर नाही. गोळी वाढवण्यापेक्षा पुन्हा संसर्ग होण्याची वाट बंद करावी.

त्यासाठी नखे अगदी बारीक कापा, रात्री घट्ट चड्डी घाला आणि सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घाला, म्हणजे रात्री घातलेली अंडी धुऊन जातील. चादरी गरम पाण्यात धुवा, पण धुण्याआधी त्या घरात झटकू नका, कारण झटकल्याने अंडी उडून सगळीकडे पसरतात. हात साबणानेच धुवावेत. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत.

गोडाविषयी एवढेच सांगतो की गूळ खाल्ल्याने जंत जन्माला येत नाहीत. प्रत्येक जंत बाहेरूनच, अंड्याच्या किंवा अळीच्या रूपाने शरीरात शिरतो. चिक्की खाताना हात धुतले होते का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

उत्तर २ (कोकणातील बागायतदार):
वरील उत्तरात मातीतल्या जंतांचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून थोडे लिहितो. आमच्या वाडीत पूर्वी सगळेजण अनवाणी सुपारीच्या बागेत वावरत आणि शौचालाही बागेच्या कडेला जात. ओलसर, सावलीची माती अंकुशकृमीच्या अळ्यांना फार मानवते आणि त्या पायाच्या त्वचेतून थेट आत शिरतात. म्हणजे तोंडाने काहीही न खाता जंत होतात, ही गोष्ट लहानपणी आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, त्यामुळे राबणाऱ्या बायकांचा पंडुरोग नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हटत नसे. बागेत चपला घालणे आणि घरोघरी संडास होणे, या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला असेल असे मला वाटत नाही. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षे उघडू नये. घाईने काढलेले खत शेतात टाकणे म्हणजे अंडी पेरणेच होय.

उत्तर ३ (पुण्यातील वाचक):
कोबीतला किडा डोक्यात जातो, असा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. तो कितपत खरा आहे?

उत्तर ४ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
दोष कोबीचा नसून तिच्यावर पडलेल्या मैल्याचा असतो. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी नाल्याच्या पाण्याबरोबर भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांमार्फत अन्नात आली आणि पोटात गेली, तर त्यांतल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून आकडी आणू शकतात. म्हणूनच आयुष्यात मांस न चाखलेल्या माणसालाही हा आजार होतो. कोबी असो, कोथिंबीर असो वा गाजर, कच्चे खायचे असेल तर एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, आणि ज्याचे साल निघते त्याचे काढावे. नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत. भाजी नीट शिजवली की मात्र धोका उरत नाही.

सातारकर आई:
सर्वांचे आभार. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आले. आम्हा चौघांना गोळी मिळाली असून दुसरी मात्रा बरोबर चौदा दिवसांनी घ्यायची आहे. चादरी मी आजवर रोज सकाळी गॅलरीत झटकत होते, ते आता बंद केले. सासूबाईंनीही गोळी घेतली. चिक्कीचा डबा मात्र अजून त्यांच्याच कपाटात आहे.