अल्ट्रासाउंड लावला की क्रिस्टल पिठासारखे होतात, काय चुकतंय?

स्फटिकवेडा:
५०० मिलीच्या जॅकेटवाल्या (दुहेरी भिंतीच्या) भांड्यात कूलिंग क्रिस्टलायझेशन करतोय, म्हणजे गरम द्रावण थंड करून क्रिस्टल पाडतोय. नुसतं थंड केलं तर कधी ४० डिग्रीला क्रिस्टल पडायचे कधी ३२ ला, एका बॅचचा दुसरीशी मेळ नाही, म्हणून २० किलोहर्ट्झचा अल्ट्रासाउंड प्रोब (द्रावणात बुडवायची कांडी) बसवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू ठेवला. आता पडतात वेळेवर, पण इतके बारीक की फिल्टर चोक. मला १०० मायक्रॉनच्या आसपास एकसारखे हवेत. पॉवर कमी करू का?

मदरलिकर:
पॉवरचं नंतर बघा हो, आधी वेळ कमी करा. कॅव्हिटेशनचे (अल्ट्रासाउंडने द्रावणात तयार होणारे) बुडबुडे फुटतात त्याने न्यूक्लिएशन, म्हणजे क्रिस्टलची सुरुवातीची बीजं तयार होणं, कमी सुपरसॅच्युरेशनलाच (मावतं त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असण्याला) सुरू होतं, मेटास्टेबल झोन (सुपरसॅच्युरेटेड असूनही क्रिस्टल न पडण्याचा टप्पा) अरुंद होतो, म्हणून तर वेळेवर पडताहेत. पण पुढेही प्रोब चालूच राहिला तर नवीन न्यूक्लिआय (बीजं) येतच राहतात आणि वाढलेले तुटतात. विरघळलेला माल तेवढाच आणि खाणारी तोंडं वाढली, मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? साइज निम्मी झाली म्हणजे संख्या ८ पट झाली, हिशोब करून बघा. सॅच्युरेशनच्या तापमानाच्या थोडं खाली आलात की काही सेकंद प्रोब, द्रावण धूसर दिसलं की बंद, तापमान तिथंच थोडा वेळ धरा आणि मग अगदी हळू थंड करा.

जुनाखलबत्ता:
एवढं कशाला, सीड (त्याच मालाचे तयार बारीक क्रिस्टल) टाका की सरळ.

मदरलिकर:
सीडला नाही कोण म्हणतंय, पॉलिमॉर्फ (त्याच पदार्थाच्या वेगवेगळ्या क्रिस्टल रचनांपैकी एक) ठरलेलाच हवा असेल तर सीडच भरवशाचं. पण स्टेराइल माल असेल तर भांडं उघडून पावडर टाकायची म्हणजे डोक्याला ताप.

टायटॅनियमटिप:
दोन गोष्टी राहिल्या. प्रोबमुळे द्रावण तापतं, सुपरसॅच्युरेशन उतरतं आणि आपण म्हणतो अल्ट्रासाउंडचा उपयोगच नाही, तेव्हा पल्स मोड (थांबून थांबून चालवणं) वापरा आणि सेन्सर जॅकेटमध्ये नको, द्रावणात ठेवा. दुसरं, टिप झिजते. माझ्या मालात मायक्रोस्कोपखाली काळपट कण दिसले, दोन दिवस पाण्याला दोष देत बसलो, निघालं टिपचं टायटॅनियम! आणि क्रिस्टल एकमेकांवर आपटून तुटतात असं वाटतं ना, अ‍ॅस्पिरिनवर तपासलंय लोकांनी, मुख्यतः बुडबुडे फुटताना उठणारी शॉकवेव्हच थेट तोडते, त्यामुळे स्टिरर कमी करून ते तुटणं थांबणार नाही.

स्फटिकवेडा:
१० सेकंद लावून बंद केला. दोन्ही बॅच एकाच तापमानाला पडल्या आणि फिल्टरही भराभर झाला! साइज ७० च्या आसपास आलीय, उद्या ५ सेकंद करून बघतो. पॉलिमॉर्फचं माझ्या डोक्यातच नव्हतं, सँपल एक्सआरडीला (क्ष-किरणांनी क्रिस्टल रचना तपासायला) दिलंय.